सरासरीत न मावणारी हवा: प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

हवेतले बारीक कण मोजणारे आठ सेन्सर हातात आले, जागाही ठरल्या. चार टेकडीवरच्या कॉलनीत, चार मालवाहतुकीच्या रस्त्याला खेटून असलेल्या वस्तीत. दोन्हींमध्ये सरळ रेषेत अडीच किलोमीटरही अंतर नाही. टेकडीवरून वस्तीचे पत्रे दिसतात, वस्तीतून टेकडीवरच्या गच्च्या.

या नोंदींत भागांची नावं येणार नाहीत. कॉलनी ती 'वर', वस्ती ती 'खाली'. ज्यांनी आम्हाला घरात घेतलं, भिंतीत खिळा ठोकू दिला, त्यांचा पत्ता उद्या 'खराब हवेचा भाग' म्हणून फिरायला लागला तर नोकरीच्या अर्जावर तोच पत्ता लिहिताना त्यांनाच विचार करावा लागेल.

प्रश्न सरळ आहे. एकाच शहरात, एकाच दिवशी, वरचा माणूस आणि खालचा माणूस किती वेगळी हवा आत घेतो? शहराला रोज एकच आकडा मिळतो. तो ज्या मोजणी केंद्रातून येतो ते वरच्या बागेत आहे: मोकळी जागा, झाडं, कुंपण, अखंड वीज. केंद्र तिथे असण्याला तांत्रिक कारण आहे. धुराड्याच्या तोंडाशी बसवलेलं केंद्र सबंध शहराची पातळी सांगू शकत नाही. पण मग खालची हवा सांगणारं दुसरं केंद्र हवं, आणि ते नाही.

एक नियम पहिल्याच दिवशी ठरवला. आमचे कच्चे आकडे या वहीत येणार नाहीत. दुरुस्तीआधीचा आकडा एकदा बाहेर पडला की मागे घेता येत नाही. इथे फक्त काय दिसलं, कुठे अडलो आणि काय ठरवलं तेवढंच.

७ नोव्हेंबर

आठही सेन्सर एका गच्चीवर, एकाच दांड्याला ओळीने बांधले. शेजारी संदर्भ-यंत्र आहे, ज्याच्या आकड्याशी आमचे आकडे ताडून बघायचे. दहा दिवस सगळ्यांनी एकच हवा मोजायची, म्हणजे कोणता सेन्सर जास्त बोलतो आणि कोणता कमी ते कळेल.

दोघांची पद्धतच वेगळी. आमच्या सेन्सरच्या डबीत एक बारका पंखा हवा ओढतो, त्या हवेतून लेझरचा किरण जातो आणि कणांवर आपटून विखुरलेला उजेड मोजला जातो. म्हणजे ती कणांचं वजन करत नाही, उजेडावरून वजनाचा अंदाज बांधते. संदर्भ-यंत्र कण फितीवर गोळा करतं आणि त्या थरात बीटा किरण किती अडले यावरून वस्तुमान काढतं. हा फरक लक्षात न ठेवता केलेली मोजणी म्हणजे नुसती सजावट.

१८ नोव्हेंबर

आज सेन्सर बसवले. वर जायला पत्र लागलं, सोसायटीच्या सचिवांची सही लागली, गेटवर दोनदा नाव लिहिलं. पण एकदा आत गेल्यावर अर्ध्या तासात काम झालं. गच्चीवर सॉकेट, वर आडोसा, वायफाय.

खाली पत्र कोणी मागितलं नाही. प्रश्न विजेचा होता. एका बाईंच्या घरी, जिथे त्या खिडकीपाशी बसून शिवणकाम करतात, तिथे एकच मोकळा सॉकेट होता. "ताई, ह्याने बिल वाढेल का?" त्यांनी विचारलं. सेन्सर मोबाईलच्या चार्जरपेक्षाही कमी वीज खातो हे सांगितलं, तरी प्रकल्पाने विजेचा खर्च द्यायचा असं तिथल्या तिथे ठरवलं. याचा आधी विचार व्हायला हवा होता.

त्यांच्या खिडकीची जाळी मी बराच वेळ बघत होते. भोकं अर्धी बुजलेली. ही धूळ नव्हती, धूळ झटकली की जाते. ही बोटाला चिकटते, ओढली तर काळी रेघ उमटते, आणि साबणाने हात धुतल्यावरही नखाच्या कडेला राहते. जाळी आठ दिवसांपूर्वीच धुतल्याचं त्या म्हणाल्या. मग हातातलं कापड बाजूला ठेवून म्हणाल्या, "पांढरं शिवायला घेत नाही आता. दुपारपर्यंत घडीवर काळी रेघ येते. गिऱ्हाईक परत करतं."

हे वाक्य मी त्यांच्यासमोरच वहीत लिहून घेतलं.

३ डिसेंबर

पहिल्या पंधरवड्याचा आलेख दुरुस्त करून काढला. वरची रेघ आणि खालची रेघ जवळजवळ एकमेकींवर आहेत. एकत्र चढतात, एकत्र उतरतात. खालची किंचित वर आहे, पण ज्यावरून काही ठासून सांगावं इतकी नाही.

सहकारी म्हणाला, "म्हणजे फरक नाहीच?" मला उत्तर देता आलं नाही. ती जाळी डोळ्यांसमोरून जात नाही.

४ डिसेंबर

रात्रभर वाचत बसले. चूक आलेखात नाही. आम्ही जे मोजायला घेतलं त्यात आहे.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याचे. ते इतके हलके असतात की कित्येक दिवस तरंगतात आणि शेकडो किलोमीटर जातात. त्यातला मोठा वाटा तर कुठल्या धुराड्यातून थेट येतच नाही, वायूंपासून हवेतच तयार होतो. त्यामुळे सगळ्या शहरावर पीएम २.५ची एक चादर पसरलेली असते आणि एखाद्या रस्त्याची भर त्या चादरीवर पातळ थरासारखी बसते. आमच्या दोन रेघा जुळल्या त्या चादरीमुळे.

इंजिनातून नुकत्याच बाहेर पडलेल्या धुराची गोष्ट वेगळी. त्यातली काजळी, नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण हे उगमापाशी दाट असतात आणि झपाट्याने विरळ होतात. लॉस एंजेलिसमधल्या महामार्गांलगत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत अतिसूक्ष्म कणांची संख्या सुमारे ३०० मीटरवर आसपासच्या नेहमीच्या पातळीला आली होती. आमच्या वस्तीची पहिली रांग रस्त्यापासून ३०० मीटरवर नाही. ती ३० पावलांवर आहे.

आणि मुख्य गोष्ट अशी, की हे अतिसूक्ष्म कण, ०.१ मायक्रॉनपेक्षाही लहान, आमच्या लेझरला दिसतच नाहीत. साधारण ०.३ मायक्रॉनच्या खाली या डबीची नजर पोचत नाही. त्या कणांना वजनही जवळजवळ नसतं, म्हणून वजनात मोजणाऱ्या कुठल्याच आकड्यात ते भर घालत नाहीत. जे खाली जास्त आहे, नेमकं तेच न दिसणारं यंत्र घेऊन आम्ही खाली गेलो होतो. 'फरक नाही' असा अहवाल पंधरा दिवसांत लिहून मोकळं होता आलं असतं, आणि तो अहवाल खालच्या लोकांच्या विरोधात वर्षानुवर्षं वापरला गेला असता. हा विचार आला तेव्हा अंगावर काटा आला.

अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्यांवर चांगली यंत्रं बसवून वर्षभर रस्ता न् रस्ता पिंजून काढला होता, निष्कर्ष २०१७ साली आले. काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं शहराच्या आतच, कधी कधी एकाच गल्लीच्या दोन टोकांत, ५ ते ८ पटींनी बदलत होती. आमच्याकडे गाडी नाही. पण वायू नळ्यांनीही मोजता येतो.

५ डिसेंबर

नायट्रोजन डायऑक्साइडच्या नळ्या मागवल्या. बोटाएवढी प्लास्टिकची नळी, एक टोक बंद, बंद टोकाला रसायन लावलेली स्टीलची बारीक जाळी. वीज नको, पंखा नको. वायू आपणहून आत शिरतो आणि जाळीला धरून राहतो. चार आठवडे लटकवायची, झाकण लावायचं, प्रयोगशाळेत पाठवायची. तासातासाचा हिशेब मिळत नाही, महिन्याची सरासरी मिळते. पण नळ्या पुष्कळ लावता येतात आणि वीज गेल्याने बंद पडत नाहीत.

१० डिसेंबर

वरच्या दोन सेन्सरांवर रोज पहाटे उंच टोकं दिसतात. काल पहाटे जाऊन पाहिलं तर हिरवळीवर फवारे चालू. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात, जास्त उजेड विखुरतात आणि डबीला वाटतं धूर वाढला. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेलेले तास वेगळे काढले. वरची हवा आहे त्यापेक्षा वाईट दिसत होती. तीही चूकच.

१३ डिसेंबर

आज जे सापडलं ते या महिन्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

वरच्या चार सेन्सरांचा डेटा जवळजवळ सलग आहे. खालच्यांत भोकं आहेत. आधी वाटलं वायफायचा प्रश्न असेल. मग सहकाऱ्याने भोकांच्या वेळा एका कागदावर मांडल्या, आणि चारही सेन्सर एकाच वेळी बंद पडलेले दिसले, बहुतेकदा संध्याकाळी. वीज गेलेली असते. वीज गेली की रस्त्याकडची दुकानं डिझेलचे जनरेटर चालू करतात. घरात अंधार म्हणून दारं उघडी राहतात. चुली आणि शेगड्याही त्याच वेळेला पेटतात. संध्याकाळी जमीन गार पडायला लागते, उंचावरची हवा मात्र अजून उबदार असते, त्यामुळे झाकण बसल्यासारखा धूर जमिनीलगतच्या थरात अडकतो.

म्हणजे खालची हवा सगळ्यांत वाईट असते नेमके तेच तास आमच्या नोंदीत कोरे आहेत. कोरी जागा सोडून सरासरी काढली की खालची हवा आपोआप चांगली दिसते. संगणक विचारत नाही की ही जागा कोरी का राहिली.

ठरलं ते असं: खालच्या चारही सेन्सरांना पॉवर बँक. आणि आतापर्यंतची भोकं सरासरीने कुठेही भरून दाखवायची नाहीत. आलेखात ती जागा राखाडी ठेवायची आणि खाली लिहायचं, 'या वेळी वीज नव्हती.'

१६ डिसेंबर

लंडनच्या एला अडू-किस्सी-डेब्रा या मुलीच्या मृत्यूच्या चौकशीचा निकाल २०२० साली आजच्या तारखेला लागला होता. म्हणून आज गटाच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटं तिच्यावर बोललो.

एला लंडनच्या लुइशममध्ये राहायची, साउथ सर्क्युलर या अखंड वाहत्या रस्त्याच्या जवळ. तीव्र दमा. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली तेव्हा ९ वर्षांची होती. पहिल्या चौकशीत हवेचा विषय नव्हताच. तिच्या आईने, रोझमंड यांनी, पाठपुरावा सोडला नाही, आणि दुसऱ्या चौकशीत मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं गेलं. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. तिच्या आजाराचे चढउतार आणि जवळच्या केंद्रावरची प्रदूषणाची टोकं शेजारी शेजारी ठेवता आली, कारण जवळ एक केंद्र होतं आणि त्याच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या.

कोऱ्या जागेवरून कुठलीही आई काही सिद्ध करू शकली नसती. राखाडी पट्ट्यांचा आमचा निर्णय आज मला अधिक पटला.

२० डिसेंबर

३० नळ्या लावल्या. खाली रस्त्यापासून आत आत जाणारी एक ओळ, वर तशीच एक ओळ, मध्ये काही. दोन नळ्या झाकण न काढता ठेवल्या, प्रवासातच काही शिरतं का ते कळायला. सगळ्या डोक्याच्या उंचीला. परतताना एका मुलाने विचारलं, "इतकी वर का? माझ्या नाकापाशी लावा ना." त्याचं बरोबर होतं. सायलेन्सर असतो त्याच्या तोंडाच्या उंचीला, आणि शरीराच्या वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं. दोन नळ्या त्याच्या उंचीला लावल्या.

२९ डिसेंबर

सुट्टीत वाचन. वस्ती रस्त्याकडेला का आणि कॉलनी टेकडीवरच का? 'गरिबांना स्वस्त जागा मिळते म्हणून' हे उत्तर अर्धंच आहे. जागा स्वस्त कशामुळे झाली?

इंग्लंडच्या ७० शहरांच्या अभ्यासात संशोधकांनी एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांच्या धुराड्यांच्या जागा नकाशावर मांडल्या. तिथे वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो, म्हणून कोळशाचा धूर पूर्वेला जायचा. धुराखालचे भाग १८८१ पर्यंत गरिबांचे झाले होते. आता ती धुराडी राहिली नाहीत, पण अनेक ठिकाणी गरिबी त्याच भागांत टिकून आहे. धूर गेला तरी धुराने केलेली वाटणी गेली नाही.

अमेरिकेत ही वाटणी कागदावर झाली. १९३० च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढून मोहल्ल्यांना अ ते ड अशा श्रेणी दिल्या. ड श्रेणीचा रंग लाल, आणि तिथे बहुतेकदा कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित लोक राहायचे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा २०२ शहरांची २०१० ची हवा तपासली. ड श्रेणीच्या भागांत नायट्रोजन डायऑक्साइड अजूनही जास्त. मोहल्ल्याला लाल रंग लागला की कर्ज थांबतं, जमीन स्वस्त होते, आणि महामार्ग किंवा गोदाम कुठे न्यायचं हा प्रश्न आला की स्वस्त जमिनीकडे बोट जातं.

आमच्या शहरात आधी काय आलं, वस्ती की मालरस्ता? जुन्या माणसांना विचारायला हवं.

६ जानेवारी

विचारलं. आधी वस्ती. रस्ता तेव्हा दोन गाड्यांपुरता होता, गोदामं नंतर आली. तीन वेगवेगळ्या घरांतून हेच सांगितलं.

१७ जानेवारी

नळ्या उतरवल्या. ३० पैकी २७ परत मिळाल्या. एक पतंगाच्या मांज्याने तुटली, दोन गायब. पाकिटं बंद करून पाठवली.

२१ जानेवारी

काजळी मोजायचं खिशात मावेल असं यंत्र दहा दिवसांसाठी उसनं मिळालं. ते हवा एका पांढऱ्या पट्टीतून ओढतं. पट्टीवर काळा ठिपका जमत जातो आणि तो किती उजेड अडवतो ते मिनिटामिनिटाला नोंदलं जातं. घरांच्या भिंती सोडून आता माणसांबरोबर फिरायचं. तीन जणांनी होकार दिला, त्यांची ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

२८ जानेवारी

तीन दिवसांचे तीन आलेख समोर आहेत.

पहिला वर राहणाऱ्या नोकरदाराचा. दिवसभर सपाट, दोन टेकाडं, दोन्ही गाडीतल्या प्रवासाची. काच बंद करून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं तिथे टेकाड उतरलेलं स्पष्ट दिसतं.

दुसरा गोदामात माल उतरवणाऱ्याचा. त्यात सपाट भाग नाहीच. मागे वळून लावलेला ट्रक, चालू इंजिन, आणि हा बरोबर त्याच्या मागच्या तोंडाशी. शिवाय यंत्र हवेतली काजळी सांगतं, छातीत किती गेली ते सांगत नाही. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, ओझं वाहणारा त्याच्या कित्येक पट. हवा एकच धरली तरी दोघांचा डोस एक नाही.

तिसरा आलेख मी पुन्हा पुन्हा बघते आहे. ह्या ताई खाली राहतात आणि वर तीन घरी काम करतात. रात्रभर रेघ उंच पातळीला. पहाटे दोनच्या सुमाराला एक उंच सुळका, त्याचं कारण तेव्हा कळलं नाही. सकाळी रस्त्याकडेने चालताना आणखी वर. नऊ वाजता रेघ एकदम खाली येते आणि दुपारी दोनपर्यंत तिथेच राहते. दोनला पुन्हा चढते. मी विचारलं, "नऊला काय झालं?" त्या म्हणाल्या, "पहिल्या घरी पोचले. तिथं मशीन असतं हवेचं, दार लावूनच काम करायचं." त्यांच्या दिवसातली सगळ्यात स्वच्छ हवा दुसऱ्याच्या घरातली आहे, आणि ती काम संपेपर्यंतच.

पट्टी बदलताना तिन्ही ठिपके ओळीने ठेवले: फिकट राखाडी, गडद काळा आणि मधला.

३० जानेवारी

नळ्यांचे निकाल. झाकण न काढलेल्या दोन्ही नळ्या स्वच्छ, म्हणजे पाठवणी नीट झाली. खालच्या ओळीत रस्त्याकडची नळी सगळ्यांत वर, आणि आत जाऊ तसा आकडा उतरत जातो. वरच्या ओळीत उतारच नाही, सगळ्या एका पातळीला आणि खालच्या शेवटच्या नळीपेक्षाही कमी. मुलाच्या उंचीच्या दोन्ही नळ्या डोक्याच्या उंचीच्या जोडीदारांपेक्षा जास्त. दोन नळ्यांवरून सिद्धान्त मांडायचा नाही, पुढच्या फेरीत जास्त लावायच्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा ४० वरून १० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली, पीएम २.५ची १० वरून ५ वर. आमची मोजणी एका महिन्याची आहे, तिला वार्षिक मर्यादेशी थेट ताडून बघता येत नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर हे ठळक लिहायचं.

१ फेब्रुवारी

पहाटे दोनचा सुळका कळला. गोदामाचं फाटक अडीचला उघडतं. त्याआधी तासभर ट्रक वस्तीसमोर रांग लावून उभे राहतात, इंजिन चालूच. मी आणि सहकारी रात्री दीड ते तीन तिथे उभे होतो. सात ट्रक. चालक चांगले बोलले. फाटकावरचा नंबर जाऊ नये म्हणून ते रांग सोडत नाहीत आणि थंडीत इंजिन बंद करायला तयार नसतात. तेही रात्रभर तोच धूर घेतात.

६ फेब्रुवारी

एका जाणकाराने आज मसुदा वाचून हरकत घेतली: गरीब भागातली हवा वाईटच असते असं सगळीकडे नाही. हरकत रास्त आहे, आणि मी ती मसुद्यात घेतली. रोममध्ये उलटं आहे, तिथे सुखवस्तू लोक शहराच्या मध्यभागी, जास्त रहदारीच्या भागात राहतात. पण तिथल्याच एका अभ्यासात, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, धूलिकण वाढलेल्या दिवसांत मृत्यू वाढल्याचं दिसलं ते कमी उत्पन्नाच्या लोकांत. सुखवस्तू थरात ती वाढ दिसली नाही. म्हणजे पत्ता हा हिशेबाचा एकच भाग. घराचं दार नीट लागतं का, काम उघड्यावर आहे का, आधीचे आजार किती आणि त्यांवर उपचार मिळतात का, हे त्यावर चढत जातं.

अमेरिकेतल्या २०१९ च्या अभ्यासाने आणखी एक बाजू मोजली: धूर कोणाच्या खरेदीमुळे निर्माण होतो आणि घेतो कोण. कृष्णवर्णीय लोक स्वतःच्या खर्चामुळे होतं त्यापेक्षा ५६ टक्के जास्त प्रदूषण श्वासात घेतात, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळाचे) लोक ६३ टक्के जास्त, आणि गोरे १७ टक्के कमी. आमच्या गोदामातून निघणारा माल कोणत्या दारात जातो याची नोंद आमच्याकडे नाही. पण वरच्या गेटवरच्या वहीत दिवसभरात किती पार्सलं लिहिली जातात ते मी सही करताना पाहिलं आहे.

१५ फेब्रुवारी

वरच्या कॉलनीत सादरीकरण. एक गृहस्थ म्हणाले, "हवा सगळ्यांची एकच. जगात ९९ टक्के लोक मर्यादेबाहेरची हवा घेतात, तुम्हीच सांगितलंत." आकडा खरा आहे, जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. पण ९९ टक्क्यांत पाच मिनिटांचा प्रवास सोसणारा आणि चोवीस तास सोसणारा दोघेही एकाच रकान्यात येतात. मी ताईंचा आलेख, नाव न सांगता, पडद्यावर ठेवला आणि नऊ ते दोनच्या पट्टीवर बोट ठेवलं. खोलीत शांतता झाली. नंतर दोघी-तिघी भेटायला आल्या, त्यातल्या एकीने गोदामाच्या ट्रकांबद्दल पत्र द्यायचं झालं तर त्यावर सही करायची तयारी दाखवली.

२२ फेब्रुवारी

खालची बैठक, संध्याकाळी, वीज असताना. आलेख भिंतीवर लावले. राखाडी पट्ट्या सगळ्यांनी ओळखल्या, तारखांसकट. "त्या दिवशी तर पहाटेपर्यंत नव्हती," असं मागून कोणीतरी म्हणालं.

मी 'खिडक्या बंद ठेवा' हे वाक्य आधीच काढून टाकलं होतं. पत्र्याच्या घरात, जिथे आतही शेगडी पेटते, तिथे तो सल्ला देणं म्हणजे एका धुरातून दुसऱ्यात ढकलणं. चर्चा रात्रीच्या रांगेवर आली आणि तिथेच थांबली, कारण ते करता येण्यासारखं आहे. मागण्या त्यांनीच सांगितल्या, मी फक्त लिहून घेतल्या: फाटकाचा नंबर कागदावर द्यावा म्हणजे रांग लावावी लागणार नाही, ट्रक थांबायची जागा शेवटच्या घरापासून ३०० मीटर पुढे न्यावी, उभ्या गाडीचं इंजिन बंद, आणि मोजणीचं एक कायमचं केंद्र खाली. चालकांसाठी थंडीत बसायला खोली हवी, हे एका म्हाताऱ्या काकांनी जोडलं.

पत्रावर वस्तीतल्या ११४ सह्या आणि अंगठे. त्या रात्री उशिरा वरच्या नऊ सह्या आल्या.

२ मार्च

पत्र संबंधित कार्यालयात दिलं, पोच घेतली. सोबत सगळा डेटा, दुरुस्तीची पद्धत आणि राखाडी पट्ट्यांची यादी.

संध्याकाळी शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे सेन्सर उतरवायला गेले. त्या म्हणाल्या, "राहू द्या ना. पत्राचं काही झालं तर रात्री दोनला ह्यात दिसेल." मी पॉवर बँक बदलली, जाळी दोघींनी मिळून धुतली, आणि तारीख खडूने चौकटीवर लिहिली. पुढच्या फेरीच्या ४० नळ्या मागवल्या आहेत. त्यातल्या वीस मुलांच्या उंचीला.